बहात्तर तास

ठराव मांडला तेव्हा तार्तूत दुपारचे तीन वाजले होते
आणि अंधार पडायला लागला होता.
उर्वेनं लिहिलं:
‘भरती-ओहोटी’ हा उपप्रकल्प माळ्यावर ठेवावा.
सांभाळणारी माणसं दोन, नियमाला लागतात तीन.
शेवटची दुरुस्ती एकोणीस महिन्यांपूर्वीची.
हरकत असल्यास बहात्तर तासांत कळवा.

आमच्याकडे मौन म्हणजे संमती.
नुसती म्हण नाही, घटनेतलं कलम आहे, सहावं.
हात वर करायला कुणाला सवड नसते
म्हणून आम्ही न उचललेले हात मोजतो.

एक थोरलं घर, त्यात सतरा चुली.
प्रत्येकीनं आपला विस्तव आपण राखायचा,
धुराडं मात्र एकच.
आणि विझलेली चूल तशीच ठेवली
तर पाहुण्याला वाटतं, इथं जेवायला मिळेल.
हे उर्वेचं म्हणणं. खोटं नाही.

माळा म्हणजे कचरापेटी नव्हे, हेही ती दरवेळी सांगते.
तिथलं कुणीही वाचावं, उतरवून न्यावं,
फक्त विचारायला कुणी नसतं.
आठ वर्षांत सात गोष्टी वर चढताना पाहिल्या.
एक छपाईयंत्रांशी बोलायची, ती यंत्रंच गेली.
एक दोघा भावांनी लिहिलेली, भाऊ बोलेनासे झाले.
बाकीच्या आठवत नाहीत.

पहिल्या दिवशी बिल्बाओहून इन्याकीचं ‘अधिक एक’.
डर्बनहून नोम्फुंडोचं ‘अधिक शून्य’,
म्हणजे पटतंय, पण माझ्या हातून नको.
मी काही लिहिलं नाही.
म्हणजे मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी काहीच नाही. नदी गोठलेली.

तिसऱ्या दिवशी, अडुसष्ट तास उलटल्यावर,
फेरो बेटांवरून कुणा सुन्नुव्हाचा निरोप आला.
हे नाव आमच्या कुठल्याच यादीत नव्हतं.

‘उणे एक. मला हे म्हणायचा हक्क आहे की नाही, ठाऊक नाही.
आमच्या दोन बेटांमधलं पाणी दिवसातून चारदा उलटतं.
होडी कधी काढायची ते माझा भाऊ तुमच्या आकड्यांवर ठरवतो.
शाळेनं टाकून दिलेल्या संगणकावर चालतं ते.
कधी बंद पडलं नाही,
म्हणून कधी लिहिलं नाही.’

उर्वे काटेकोर. आधी नियम सांगितला:
तुमचं मत धरता येत नाही, समितीतल्या अकरांचंच धरतात.
मग त्याच नियमाचं पुढचं वाक्य, जे मी विसरलो होतो:
कारण देऊन घेतलेली हरकत, कुणाचीही असो,
उत्तर दिल्याशिवाय ओलांडता येत नाही.
तिनं घड्याळ थांबवलं.

आता उत्तर कोण देणार?
दोघांतली एक बाळंतीण.
दुसऱ्याचा महिनाभर पत्ता नाही.
तिसरं नाव माझं होतं.
एकोणीस महिन्यांपूर्वी मीच खोडलेलं,
‘वेळ नाही’ एवढं कारण देऊन.
तेव्हाही बहात्तर तास दिले होते सगळ्यांना.
कुणी हरकत घेतली नाही.
मी वाट पाहत होतो, हे कलमात बसत नव्हतं.

रात्री ती फाइल उघडली.
माझ्याच हातचे आकडे, माझीच एक चूक,
वर माझीच टीप: ‘नंतर बघू’.
गंमत अशी, की तार्तूला समुद्र नाही,
आणि आमचा जो समुद्र आहे त्याला भरती जेमतेम वीतभर.
पाणी उलटताना मी कधी पाहिलेलं नाही.
नुसतं गणित बरोबर आलं होतं.

नाव परत लावलं नाही अजून.
त्यालाही ठराव लागतो, पुन्हा बहात्तर तास.
आधी तिलाच विचारलं:
तुमच्याकडे आत्ता पाणी कुठल्या बाजूला वाहतंय?

तिचं उत्तर आलं,
‘थांबा, खिडकीतून बघते.’